ग्राफ नको, पासबुक दाखव

आधी माझी चूक सांगतो, मग दुसऱ्यांच्या काढतो.

काही वर्षांपूर्वी मी एक बातमी केली होती. आपल्याच तालुक्यातला पोरगा, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेलं, घरी बसून ऑनलाइन पोकर खेळतो आणि लाखोंनी कमावतो. मथळा मीच दिला होता, फोटोही मीच काढला होता. पुरावा काय होता माझ्याकडे? त्याच्या लॅपटॉपवरचा एक ग्राफ. हिरवी रेघ, डावीकडून उजवीकडे चढत गेलेली. बाजूला टक्केवारीचे दहा-बारा आकडे. पोरगा म्हणाला, "सर, हे सॉफ्टवेअर आहे, यात खोटं करता येत नाही." मी मान डोलावली.

ग्रामपंचायतीने गटारीचा खर्च सांगितला तर मी दोन ठिकाणी विचारून घेतो. आमदाराने निधीचा आकडा सांगितला तर जीआर मागतो. आणि त्या हिरव्या रेघेपुढे मी गप्प बसलो, कारण मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि तसं कबूल करायची लाज वाटत होती.

त्या बातमीचं कात्रण त्याने व्हॉट्सॲपवर फिरवलं. कात्रण आणि ग्राफ, दोन्ही सोबत. मामाने पैसे दिले, दोन मित्रांनी दिले, वडिलांनी ट्रॅक्टरसाठी बाजूला ठेवलेले दिले. पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. एक दिवस त्याचे वडील एसटी स्टँडवर भेटले. चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "साहेब, पेपरात आलं म्हणून मी नाही म्हणालो नाही."

त्यानंतर मी हा विषय शिकलो. उशिरा शिकलो, पण शिकलो. आज लिहितोय कारण असे ग्राफ पुन्हा फिरायला लागलेत.

तुम्ही म्हणाल, आता काय, कायदा झाला की. झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवायला बंदी. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या देशी कंपन्यांनी पैशाचे डाव बंद केले. पण कायद्याने ॲप बंद होतं, ग्राफवरचा विश्वास बंद होत नाही. माझ्याच इनबॉक्समध्ये येतात ना मेसेज: बाहेरच्या देशातली साइट आहे, आमचा खेळाडू बघा, त्याचे आकडे बघा, पैसे लावा, नफ्यात निम्मा वाटा. सोबत तीच हिरवी रेघ. म्हणून हे सगळं नीट उलगडून सांगतो. लांब आहे, पण वाचा.

हे आकडे येतात कुठून?

दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे खेळाडूच्या स्वतःच्या संगणकावरचं सॉफ्टवेअर. पोकरट्रॅकर, होल्डएम मॅनेजर ही त्यातली जुनी नावं. साइट प्रत्येक डावाची (पोकरवाले त्याला हँड म्हणतात) नोंद फाइलमध्ये टाकते, सॉफ्टवेअर ती फाइल वाचतं आणि हिशोब मांडतं. किती टक्के डावांत स्वतःहून पैसे घातले, किती वेळा वाढवले, शंभर हँडमागे किती बिग ब्लाइंड जिंकले, वगैरे. दुसरा रस्ता म्हणजे बाहेरची नोंद ठेवणारी सेवा. टूर्नामेंटचे निकाल गोळा करणारी शार्कस्कोप ही त्यातली सर्वांत माहितीतली. खेळाडूचं टोपणनाव टाकलं की त्याने किती टूर्नामेंट खेळल्या, गुंतवणुकीवर किती टक्के परतावा मिळाला, ते येतं.

आता मुद्दा ऐका. पहिल्या प्रकारात सॉफ्टवेअर तेवढंच वाचतं जेवढं त्याला दाखवलंय. दुसऱ्या संगणकावर खेळलास, मोबाइलवर खेळलास, ज्या साइटची फाइलच मिळत नाही तिथे खेळलास, की तो डाव हिशोबात नाही. शिवाय फिल्टर असतो. तारीख निवडा, टेबलाचा दर निवडा, खेळाचा प्रकार निवडा. मार्च ते जून नफा होता? मार्च ते जून निवडा. मोठ्या टेबलावर मार खाल्ला? ते टेबल काढून टाका. रेघ खरीच येणार, एक आकडाही खोटा नसणार. फक्त ती त्या माणसाची गोष्ट नसणार.

दुसऱ्या प्रकारात सेवा एका नावाचा हिशोब देते, माणसाचा नाही. शिवाय आपले आकडे लोकांना दिसू नयेत अशी सोयही खेळाडूला असते. झाकली मूठ सव्वा लाखाची! हरणारा मूठ झाकणार, जिंकणारा उघडणार. चार नावांनी चार साइटवर खेळणारा तुम्हाला कुठलं नाव सांगेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

साइट्सनीही हे दार कधी उघडं ठेवलं, कधी लावलं. बोडॉगने २०११ मध्येच टेबलावरची नावं काढून निनावी टेबलं आणली. पार्टीपोकरने २०१९ मध्ये समोरच्याचे आकडे दाखवणारी सॉफ्टवेअर्स बंद केली आणि खेळाडूंना टोपणनाव बदलू दिलं. कारणं त्यांची त्यांची होती, नवशिक्यांना सोलून काढतात हे एक होतं. पण परिणाम बघा. नाव बदललं की मागचा सगळा इतिहास गेला. नवीन नाव, कोरी पाटी, पहिला महिना बरा गेला तर नवीन ग्राफ तयार.

पण समजा सगळं खरं आहे, तरी?

इथे खरी मेख आहे. समजा पोरगा प्रामाणिक आहे. एकच नाव, एकच संगणक, फिल्टर नाही, एकही डाव लपवलेला नाही. तरी तो आकडा तुम्हाला काय सांगतो?

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. ती भाताला लागू पडते कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. पोकरचा प्रत्येक डाव वेगळ्या चुलीवरचा. एका शितावरून काहीच कळत नाही, शंभरावरूनही नाही.

आकड्यात सांगतो. सहा जणांच्या नो लिमिट टेबलावर चढउतार किती असतो, हे पोकरवाल्यांना चांगलं ठाऊक आहे: शंभर हँडमागे प्रमाण विचलन साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड. आपण मधला ९० धरू. पोरगा म्हणतो, "मी १०,००० हँड खेळलो, शंभर हँडमागे ६ बिग ब्लाइंडने जिंकतोय." ६ हा फार चांगला आकडा आहे. पण १०,००० हँडवर चुकीची मर्यादा येते दोन्ही बाजूंना सुमारे १८. म्हणजे त्याची खरी ताकद उणे १२ ते अधिक २४ यात कुठेही असू शकते. उणे १२ म्हणजे धडाधड बुडणारा. अधिक २४ म्हणजे तुफान खेळाडू. ग्राफ दोघांचा सारखाच दिसू शकतो.

एक लाख हँड खेळला तर मर्यादा येते पावणेसहाच्या आसपास. म्हणजे ६ दिसत असेल तर खरा आकडा शून्याच्या जेमतेम वर ते जवळपास १२. आता कुठे "बहुतेक हरत नसावा" एवढं म्हणता येतं. दहा लाख हँड झाले तर मर्यादा पावणेदोनच्या आसपास. तेव्हा बोलण्यासारखं काहीतरी हाती येतं.

दहा लाख हँड म्हणजे किती? चार टेबलं एकदम उघडून तासाला ३०० हँड धरा. ३,३०० तासांच्या वर. रोज आठ तास, एकही सुट्टी नाही, तरी चारशेहून अधिक दिवस. आणि तेवढ्या काळात समोरचे खेळाडू बदलले, टेबलाचा दर बदलला, तो स्वतः बदलला. ज्याचा हिशोब लागला तो खेळ आता चालूच नाही.

आणखी एक गंमत. त्या स्क्रीनवर सगळे आकडे सारख्याच अक्षरात, सारख्याच दशांशात येतात. पण सगळ्यांची लायकी सारखी नाही. "किती टक्के डावांत स्वतःहून पैसे घातले" हा आकडा ५०० हँडमध्ये बऱ्यापैकी स्थिर होतो, चार टक्के इकडेतिकडे. त्यावरून माणूस सैल खेळतो की आवळून, हे कळतं. पण त्याच ५०० हँडवर "किती जिंकतो" या आकड्याची मर्यादा दोन्ही बाजूंना ८० बिग ब्लाइंड. तो आकडा नाहीच, नुसता धूर आहे. सॉफ्टवेअर दोन्ही शेजारी शेजारी छापतं आणि बघणाऱ्याला वाटतं, एक खरा तर दुसराही खरा.

कोणी म्हणेल, त्यात नशीब वजा करून दाखवणारी दुसरी रेघ पण असते. असते. पण ती फक्त एवढंच बघते की शेवटचं पान पडायच्या आधी सगळे पैसे आत गेले असतील तर कोणाची बाजू किती टक्के होती. तुम्हाला राजे आले आणि समोरच्याला एक्के आले, हे नशीब ती वजा करत नाही. महिनाभर चांगली पानंच आली नाहीत, तेही नाही. एका दाराला कुलूप लावून घर सुरक्षित म्हणण्यातला प्रकार.

टूर्नामेंटचं तर विचारूच नका. तिथे बहुतेक वेळा प्रवेश फी जाते आणि क्वचित एकदा मोठं घबाड मिळतं. एका वर्षी कांद्याला भाव मिळाला म्हणून कोणी तीन वर्षांची सरासरी काढून दुसऱ्याला "कांद्यात एवढे टक्के परतावा" असं सांगेल का? आपल्या भागात असं बोलणाऱ्याला लोक हसतील. पण पोकरमध्ये त्यालाच सिद्ध खेळाडू म्हणतात. एक बक्षीस काढून टाका आणि ग्राफ पुन्हा काढा म्हणावं. नव्वद टक्के तोंडं तिथेच बंद होतील. हा माझा अंदाज आहे, आकडेवारी नाही. पण करून बघा.

जिंकणारेच दिसतात

सोपा हिशोब. १,०२४ जणांनी दर महिन्याला नाणं उडवलं. छापा आला तर नफा. पहिल्या महिन्यानंतर ५१२ नफ्यात, दुसऱ्यानंतर २५६, असं करत दहाव्या महिन्यानंतर सरासरीने एकजण उरतो, जो सलग दहा महिने जिंकला. त्याला काहीही येत नाही. पण ग्राफ त्याच्याकडे आहे, आत्मविश्वास त्याच्याकडे आहे, आणि पत्रकार त्याच्याच घरी जातो. उरलेल्या १,०२३ जणांच्या घरी कोणी जात नाही.

मी गेलो होतो त्या एकाच्या घरी.

"पण कोर्टातसुद्धा हेच आकडे चालले!"

हा युक्तिवाद मला कमेंटमध्ये मिळणारच, म्हणून आधीच घेतो. खरं आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये डिक्रिस्टिना खटल्यात न्यायाधीश वाइनस्टाइन यांच्यापुढे एका अर्थतज्ज्ञाने कोट्यवधी ऑनलाइन डावांची आकडेवारी मांडली आणि पोकरमध्ये कौशल्य भारी पडतं हे न्यायाधीशांना पटलं. पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, पण कायद्याच्या शब्दांवर, आकडेवारी खोटी म्हणून नाही. स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स यांनी २०१० च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा अभ्यास केला. आधीच्या कामगिरीवरून जे निष्णात ठरले होते त्यांना सरासरी ३० टक्क्यांहून जास्त परतावा मिळाला, बाकीच्यांना १५ टक्क्यांहून जास्त तोटा.

मी हे नाकारत नाही. पोकरमध्ये कौशल्य आहे. हा मटका नाही. मटक्याचा चार्ट घेऊन टपरीवर जोडी काढत बसणाऱ्याला मागच्या आकड्यांचा उपयोग शून्य असतो. पोकरमध्ये तसं नाही.

पण नीट बघा, हे आकडे कोणाबद्दल बोलतात? गटाबद्दल. शेकडो निष्णात विरुद्ध हजारो बाकीचे. कोट्यवधी डाव एकत्र. गटाबद्दल खरं असलेलं वाक्य तुमच्या घरातल्या पोराबद्दल खरं आहे असं त्यातून निघत नाही. क्रिकेटमध्ये कौशल्य आहे हे सिद्ध करायला रणजीचे आकडे पुरेत. त्यावरून गल्लीतला बंड्या रणजी खेळेल हे सिद्ध होत नाही. आणि त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कोणी स्क्रीनशॉटवर टाकत नाही: बाकीच्यांना १५ टक्क्यांहून जास्त तोटा. तो तोटा होतो म्हणूनच निष्णातांचा नफा होतो. वरून साइटचा वाटा जातो, ज्याला रेक म्हणतात. सगळ्या खेळाडूंची बेरीज केली की ती शून्याच्या खालीच येणार, वर येऊच शकत नाही.

शिवाय सॉफ्टवेअरचा नफा आणि घरात आलेला पैसा या दोन गोष्टी आहेत. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस, १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. हिरव्या रेघेत यातलं काही नव्हतं. मामाकडून घेतलेल्या पैशाचं व्याज नव्हतं, पतसंस्थेचा हप्ता नव्हता, सोडलेल्या नोकरीचा पगारही नव्हता.

मग हे आकडे बिनकामाचे का?

नाही. आणि इथे मी आकड्यांच्या बाजूने बोलणार आहे.

२००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर या साइटवर एक खेळाडू असा खेळत होता जणू त्याला सगळ्यांची पानं दिसतायत. कंपनीने आधी नाकारलं. पण एका टूर्नामेंटनंतर हरलेल्या खेळाडूने आपल्या डावांची नोंद मागितली आणि कंपनीने चुकून सगळ्यांची झाकलेली पानं असलेली फाइल पाठवली. खेळाडूंनी ती चाळली आणि चोरी उघडी पडली. खरंच दिसत होती पानं! त्याच सुमारास अल्टिमेटबेटवरही तसंच खातं सापडलं. खेळाडूंनी आपापल्या नोंदींवरून आलेख काढला. सगळे ठिपके एका ढगात आणि एकच ठिपका दूर आकाशात. शेवटी कानावाके गेमिंग कमिशनच्या चौकशीत सुमारे २.२ कोटी डॉलर परत करायची वेळ आली.

तिथे तर थोडेच हजार हँड होते. मग तेव्हा पुरावा कसा झाला आणि आपल्या पोराच्या १०,००० हँडला मी पुरावा का मानत नाही? उत्तर सोपं आहे. धुक्यात हत्ती दिसतो, ससा दिसत नाही. पानं बघून खेळणाऱ्याचा नफा हत्तीएवढा होता. प्रामाणिक खेळाडूची आघाडी सशाएवढी असते, आणि दहा हजार हँडचं धुकं तिला गिळून टाकतं. दुसरी गोष्ट, तिथे आकडे चोराने दिले नव्हते, त्याच्यासमोर हरलेल्यांनी गोळा केले होते. जो पैसे मागतोय त्यानेच निवडून दिलेला आकडा, हा पुरावा नसतो. ती जाहिरात असते.

तेव्हा राग आकड्यांवर नाही. राग आहे आकड्यांना साक्षीदार म्हणून उभं करून पैसे काढणाऱ्यांवर. ज्यांना हे गणित येतं, ज्यांनी वर्षानुवर्षं हे सॉफ्टवेअर वापरलंय, त्यांना १०,००० हँडची किंमत माहीत असते. तरी ते गावाकडच्या माणसाला ग्राफ पाठवतात, कारण त्याला ती माहीत नसते. याला अडाण्याला अंगठा लावायला लावणं म्हणतात. सावकार करायचा तेच, फक्त रेघ हिरवी.

आणि राग आमच्यावरही आहे. आम्ही पत्रकार. आकडा छापला की बातमी वजनदार दिसते, म्हणून छापतो.

काय विचारायचं?

कोणी ग्राफ घेऊन आला तर चिडू नका, पोराला वेडंवाकडं बोलू नका. शांतपणे विचारा.

एकूण हँड किती, टूर्नामेंट किती? फिल्टर काढून दाखव. किती नावांनी, किती साइटवर खेळलास, सगळी नावं सांग. सगळ्यात मोठं एक बक्षीस काढून टाकलं तर काय उरतं? साइटवर भरलेले पैसे आणि साइटवरून खात्यात आलेले पैसे, बँकेच्या पासबुकात दोन्ही रकाने दाखव. आणि हे सगळं इतकं चांगलं चाललंय तर माझे पैसे तुला कशाला हवेत?

शेवटच्या दोन प्रश्नांवर बहुतेक गप्पा संपतात. पासबुकाला फिल्टर नसतो.

त्या वडिलांचे पैसे माझ्याच्याने परत होणार नाहीत. ती बातमी पहिल्या पानावर होती, आणि तिची दुरुस्ती मी कधीच छापली नाही. ही पोस्ट ती दुरुस्ती समजा. ज्यांनी तेव्हा ते कात्रण पुढे पाठवलं होतं, त्यांनी हीपण पाठवा.